सब्जा नको, चियाच घ्या

रात्रभर दुधात बी भिजवून करायच्या चिया पुडिंगसाठी चिया महाग पडतो म्हणून सब्जा घाला, काम तेच, असं कुणी कुणी सुचवतं. फालुद्यात ठीक आहे, पुडिंगमध्ये नाही जमत. सब्जा पाच-दहा मिनिटांत टपोरा फुगतो, पण दाणे सुटेच राहतात आणि दूध पातळ ते पातळच. चिया सावकाश फुगतो, पण रात्रभरात दूध धरून ठेवतो. अर्धा कप दुधाला दोन मोठे चमचे पुरतात. मात्र कालवून लगेच फ्रिजमध्ये ढकलू नका. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा तळापासून ढवळा, नाहीतर खाली ढेप बसते. आणि महागाईचं म्हणाल तर आम्हा इंदूरकरांना परदेशी पाकिटाची गरजच काय? आपल्याच मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे चिया पिकतो, नीमचच्या मंडीत विकायलाही येतो. वाण्याकडे सुटा विचारून बघा.

आता पुडिंगमधल्या फळांबद्दल सांगते: कच्ची पपई, पिकलेली पपई, अननस, किवी यांपैकी काहीही रात्री दुधात घालू नका. त्यांतल्या एन्झाइममुळे दुधातलं प्रथिन फुटतं आणि सकाळी पुडिंग कडू लागतं. खाताना वरून घाला. आंबा, केळं रात्री चालतं, केळं फक्त काळं पडतं. आमच्या सासूबाई वेलची-केशर घालून आवडीने खातात, अर्थात पोहे-जलेबी झाल्यावर!