बी-७०४ च्या मुलीच्या डोळ्याविषयी

बी-७०४ : नमस्कार. आमच्या मुलीला डोळे आले असल्याने ती खाली खेळायला येत नाही, अशी चर्चा बागेत झाल्याचे कळले, म्हणून लिहिते. डोळा फिरवणारे सहा स्नायू असतात. त्यांपैकी तिच्या डाव्या डोळ्याच्या नाकाकडील स्नायूला सूज आली आहे. डॉक्टर याला ऑर्बिटल मायोसायटिस म्हणतात. हा आजार लहान मुलांत क्वचितच आढळतो आणि तो संसर्गजन्य नाही. डोळा लाल होता, पापणी सुजली होती, त्यामुळे आम्हीही आधी फसलो. पण गृहपाठ वाचताना ती डोळ्याऐवजी मान वळवू लागली, आणि बाजूला पाहिले की कळ येते, एकाच्या दोन पेन्सिली दिसतात, असे म्हणाली, तेव्हा धाबे दणाणले.

सी-२०२ : ताई, माझ्या पुतण्याची अशीच सूज आम्ही रांजणवाडी समजून दोन दिवस शेकत बसलो आणि ती सायनसमधून डोळ्याच्या खोबणीत उतरलेला जंतुसंसर्ग निघाली. तुमच्याकडे ती शक्यता तपासली ना?

बी-७०४ : होय, तीच आधी तपासली. घोडबंदर रोडच्या कोंडीतून एमआरआयला पोहोचेपर्यंत जीव टांगणीला लागला होता. सायनस स्वच्छ आहे, गाठ नाही, केवळ तो स्नायू जाड झालेला दिसला. त्यानंतरच स्टेरॉइड सुरू केले, कारण जंतुसंसर्ग असताना ते दिले तर लक्षणे झाकली जातात आणि आजार आत वाढत राहतो.

ए-१०३ : स्टेरॉइड मुलांना वाईटच. आता दुखत नसेल तर बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बी-७०४ : काका, आपली काळजी समजते. दुखणे दोन दिवसांतच थांबले, हे खरे. परंतु गोळ्या काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करायच्या आहेत, कारण घाईने थांबवल्यास सूज उलटते, शिवाय शरीराला स्वतःचे स्टेरॉइड पुन्हा पुरेसे तयार करायला अवधी लागतो. भूक मात्र भलतीच वाढली आहे. रात्री अकरा वाजता वरणभात मागते. एक विनंती आहे. या गोळ्यांमुळे तिची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे आणि तिला कांजिण्या होऊन गेलेल्या नाहीत, म्हणून कोणाच्या घरी कांजिण्या असल्यास मला लगेच कळवावे.

सी-५०१ : आमच्या धाकट्याच्या पाठीवर कालपासून तीन-चार फोड आहेत. आज संध्याकाळी डॉक्टरांना दाखवून कळवते. तोवर तो घराबाहेर पडणार नाही आणि लिफ्टही वापरणार नाही.