फ्लाय टायिंगचे हुक घरी कसे ठेवता? डबी सुचवा (आणि माझी फजिती)

गळाला_लागलो
मंडळी, मदत हवीये. फ्लाय (मासे पकडायला हुकावर दोरा-पिसं बांधून केलेला खोटा किडा) बांधायला लागून दोन वर्षं झाली. सुरुवातीला हुकांची चार पाकिटं होती, ड्रॉवरच्या कोपऱ्यात पडलेली असायची, काही त्रास नव्हता. आता मोजली तर बेचाळीस निघाली, निम्मी अर्धवट फोडलेली आणि तीन तर एकाच मॉडेलची एकाच नंबरची, कारण घरात आहे हे विसरून परत परत घेतली. मग शहाणपणा सुचला. चोवीस कप्प्यांची प्लास्टिकची डबी आणली, मणी-टिकल्या ठेवायला असते ना तसली, त्यात सगळे हुक ओतले, झाकणावर मार्करने १२, १४, १६ असे साईजचे आकडे (आकडा मोठा तसा हुक बारीक) टाकले आणि पाकिटं कचऱ्यात.

काल ती डबी हातातून सुटली. उघडली नाही म्हणून हुश्श केलं, आणि झाकण काढून बघतो तर १८, २० आणि २२ चे हुक एकमेकांच्या घरात पाहुणे! झाकण आणि कप्प्याची भिंत यांच्यामध्ये एवढीशी फट आहे, नख जाणार नाही, पण बारीक हुक आरामात जातो. रात्री दीडपर्यंत भिंग लावून निवडत बसलो होतो. बायको म्हणाली घरातलं एक तरी काम एवढं मन लावून केलं असतंस तर.

कोण काय वापरतं सांगा. डबी, बाटल्या, फाईल, काहीही चालेल. टेबल लहान आहे एवढं लक्षात घ्या.

धागादोरा
हाहा, आम्ही सगळे या डबीतून गेलोय. पुढच्या वेळी डबी घेताना एक टेस्ट करा. कागदाची पट्टी भिंतीवर आडवी ठेवायची, झाकण लावायचं आणि पट्टी ओढायची. सरकन निघाली तर त्या डबीत १६ पेक्षा बारीक काही ठेवायचं नाही. आणि प्रत्येक भिंतीवर करून बघा, कडेला झाकण घट्ट बसतं आणि मधोमध फुगतं, त्यामुळे चारच ठिकाणी बघून समाधान मानू नका.

बारीक हुकांसाठी मी छोट्या फिरकीच्या झाकणाच्या डब्या वापरतो, प्रत्येकीला स्वतःचं झाकण, आणि तशा तीस-चाळीस एका ट्रेमध्ये उभ्या राहतात. पडली तर एकच पडते. मोठे स्ट्रीमर हुक (छोट्या माशासारख्या दिसणाऱ्या फ्लायचे) मात्र कप्प्यांच्या डबीतच, ते कुठे जात नाहीत.

नवखी_नदी
डबीच्या तळाला चिकटवायची मॅग्नेट शीट मिळते ती लावली तर? हुक हलणारच नाहीत मग. (मी सहा महिन्यांपूर्वीच सुरू केलंय, चुकत असेल तर सांगा.)

धागादोरा
@नवखी_नदी, ताई नका लावू. मी लावली होती. हुक स्टीलचे, बरेच दिवस चुंबकावर पडून राहिले की स्वतःच थोडे चुंबक होतात. मग एक उचलायला जावं तर पाच जण हातात हात घालून येतात, आणि २० नंबरचे असतील तर ते सोडवता सोडवता बांधायची हौसच जाते. व्हाइसशेजारी (हुक पकडून ठेवणारा शिकंजा) मॅग्नेटची वाटी ठेवा, त्या बैठकीला लागतील तेवढेच दहा-बारा हुक तिच्यात काढा. कामाला मॅग्नेट चांगलं, मुक्कामाला नाही.

जुनीखोड
डबी कोणती हा प्रश्न नंतरचा हो. तुम्ही पाकिटं फेकलीत, खरी चूक ती, आणि त्यावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, जरा लांबेल.

झाकणावर १४ लिहिलंत. कसला १४? टिम्को कंपनीच्या १०० मॉडेलचा १४ हा ड्राय फ्लायचा, बारीक तारेचा, पाण्यावर तरंगायला. ३७६१ चा १४ निम्फचा (पाण्याखालच्या किड्यासारखी फ्लाय), तार जाड, शँक (हुकाचा दांडा) थोडी लांब. २४८७ चा १४ वाकडा आणि आखूड, स्कड-प्यूपा अशा वाकड्या जीवांच्या फ्लायसाठी. तिन्ही एकाच कप्प्यात ओतलेत तर ड्राय फ्लाय जाड तारेवर बांधाल आणि ती बुडते का म्हणून हॅकलला (भोवती गुंडाळलेल्या पिसाला) दोष द्याल. बरं, कंपन्यांचं आपसात जुळत नाही ते वेगळंच. मस्टॅडचा १४ आणि टिम्कोचा १४ शेजारी ठेवून बघा. नंबरचं कुठलंही पक्कं जागतिक माप नाही, ज्याचा त्याचा हिशोब. आकडा वाढला की हुक लहान होतो हे आपल्याला पाठ असतं, पण १ च्या पुढे १/०, २/० सुरू झालं की उलटं, तिथे आकडा वाढला की हुक मोठा. हे डोक्यात ठेवण्यापेक्षा लेबल ठेवा.

म्हणून माझ्याकडे नियम एकच. हुक जिथे जाईल तिथे त्याचं लेबल जाईल. पाकिटावरचा मॉडेल नंबर, साईज, तार, शँक लिहिलेला तुकडा कात्रीने कापायचा आणि डबीच्या आत, हुकांच्या खाली, अक्षरं तळाकडे करून टाकायचा, म्हणजे पारदर्शक डबी उलटून वाचता येतं. झाकणावर नाही! झाकणं बदलली जातात. एकदा दोन बाटल्या उघड्या होत्या, फोन आला, झाकणं उलटसुलट लावली आणि तीन महिने १६ समजून १८ वर बांधत होतो.

गळाला_लागलो
@जुनीखोड काका, बोलणी खाल्ली आणि पटली पण. आता जे मिसळलेत त्यांचं काय करू? पाकिटं तर गेली.

जुनीखोड
आधी तारेच्या जाडीने दोन ढीग करा, बोटाला नाही कळलं तर व्हर्निअर लावा. मग आकाराने, सरळ शँक वेगळी, वाकडी वेगळी. मग डोळा (दोरी बांधायची कडी) बघा, खाली वळलाय, वर वळलाय की सरळ. शेवटी गॅप, म्हणजे टोक आणि शँक यातलं अंतर. एक ओळखीचा हुक व्हाइसमध्ये लावायचा आणि बाकीचे चिमट्याने त्याच्यामागे धरून बघायचे, बरोबर झाकला गेला तर तोच. नेटवरचा साईज चार्ट छापून वापरू नका, प्रिंटर पानात बसवायला तो लहान करतो आणि सगळंच एक नंबरने घसरतं. एवढं करूनही जे ओळखू येत नाहीत ते एका बाटलीत टाका, वर 'अनाथ' लिहा, नवीन गाठ शिकायला उपयोगी.

पीसवाला
मी उलट्या मताचा. ओतायचंच कशाला? पाकिटं आहेत तशीच ठेवा. रिंगवाल्या फाईलमध्ये पारदर्शक झिपचे पाऊच लावायचे, एका पाऊचमध्ये एक पाकीट, आणि क्रम ड्राय, निम्फ, स्ट्रीमर, जिग (डोळ्याजवळ वाकवलेला हुक) असा. आतमध्ये साईजप्रमाणे. लेबल आपोआप राहतं, पुस्तकासारखी शेल्फवर उभी राहते, टेबल लहान असेल तर हेच बरं. तोटा एकच, झिप नीट लावली नाही तर फाईल उभी करताना कळतं.

अजून एक, जिग हुकांच्या पाऊचमध्येच खाचेचे टंगस्टन मणी (फ्लायला वजन द्यायला) ठेवतो. १६ ला २.५ मिमी, असं ज्याला जे बसतं ते त्याच्या सोबत. नाहीतर हुक एका खोलीत, मणी दुसऱ्या खोलीत, आणि आपण मध्ये.

धागादोरा
फाईलला +१, पण फोडलेल्या पाकिटाचं तोंड स्टेपल करणाऱ्यांनी प्लीज हात वर करा. ती पिन पण हुकांतच जाते.

चिमटा_हरवला
गंजाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. ब्रॉन्झ काय, ब्लॅक निकेल काय, वरचा थर कसाही असो, आत बहुतेक सगळं कार्बन स्टील, दमट हवेत गंज धरणारच. मी जुन्या फ्लाय ब्लेडने कापून हुक परत वापरायचो, एकदा असे पाच-सहा हुक नीट न वाळवता नव्यांमध्ये टाकले, महिन्याभराने बाटली उघडली तर तळाला तपकिरी भुकटी आणि नवे हुकही डागाळलेले. आता जुने वेगळेच ठेवतो. ट्रेमध्ये सिलिका जेलची पुडी, रंग बदलणारी, म्हणजे कधी बदलायची ते कळतं. आणि तळाला स्पंज किंवा फोम नको, तो ओल धरून बसतो.

घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर सगळं कुलपात, यावर चर्चा नको. हुक जमिनीवर सांडले तर मॅग्नेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवायचं, मग पिशवी उलटी केली की हुक आत आणि मॅग्नेट बाहेर. गालिच्यावर हाताने शोधायला गेलात तर हुकच तुम्हाला शोधतो.

नवखी_नदी
पिशवीची आयडिया भारी! माझी मणी-टिकल्यांची डबी अजून रिकामीच आहे, तिच्यात आता मणीच ठेवते मग :)

गळाला_लागलो
अपडेट. दोन रविवार गेले. १६ पर्यंतचे आणि मोठे फाईलमध्ये (नवीन पाऊचमध्ये, लेबल हाताने लिहून), १८ पासून बारीक सगळे छोट्या बाटल्यांत, चिठ्ठी आत, अक्षरं खाली. कागदाची पट्टी जुन्या डबीवर लावून बघितली, चोवीसपैकी एकोणीस ठिकाणी सरकन निघाली. अनाथ बाटलीत त्र्याहत्तर हुक आहेत, हसू नका. फाईलच्या पहिल्या पानावर यादी चिकटवलीय, काय आहे आणि किती, खरेदीआधी तिचाच फोटो बघणार.

यादी करताना कळलं की ड्राय फ्लायचे १६ नंबरचे जवळपास दोनशे आहेत. कोणाला हवेत का, त्या बदल्यात निम्फचे १२, लांब शँकचे चालतील. लेबलसकट.