विरोधी उमेदवार म्हणतायत सरकारचा पैसा भलतीकडं चाललाय आणि लोकल पोरांना काम नाही, यात खरं किती?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातला आहे. आमच्या गटात झेडपीला विरोधी पक्षाकडून जे उभे आहेत त्यांची परवा कॉर्नर सभा झाली, मी शेवटपर्यंत थांबलो कारण पहिल्यांदाच कुणीतरी जात सोडून पैशावर बोलत होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की नागपूर-गोवा शक्तीपीठ महामार्गाला हजारो कोटी आहेत, मोठ्या कंपन्यांना सबसिडी आहे, पण इथल्या पोरांना काम द्यायची वेळ आली की तिजोरी रिकामी. ८० टक्के लोकल भरतीचा नियम फक्त कागदावर आहे म्हणाले. सरकारच्या युवा प्रशिक्षण योजनेतली पोरं मुदत संपली की घरी बसली. आणि रेल्वेच्या कोच फॅक्टरीचा विषय तर लातूरकरांना सांगायलाच नको, २०१८ ला भूमिपूजन झालं, २०२० च्या डिसेंबरात डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला आणि त्यानंतर वर्षानुवर्षं नुसती वाट बघणं.

टाळ्या खूप पडल्या, मीही वाजवल्या. पण घरी आल्यावर वाटलं की यातलं नेमकं काय बरोबर आहे आणि हा माणूस निवडून आला तरी झेडपीत बसून यातलं काय करू शकतो? माझा धाकटा भाऊ आयटीआय करून बसलाय, त्यामुळं हा विषय माझ्यासाठी टाईमपास नाही. ज्यांना माहिती आहे त्यांनी सांगा. पक्षाची भांडणं नकोत प्लीज.

जमाखर्च

दादा, पैशाचं मी सांगतो, माझं कामच ते आहे.

मार्च २०२५ ला जे राज्याचं बजेट आलं ते साधारण ७ लाख कोटींचं होतं. ऐकायला प्रचंड वाटतं पण पगार, पेन्शन आणि व्याज या तीन गोष्टींतच महसुली उत्पन्नाचा निम्म्याहून जास्त भाग जातो, नुसतं व्याजच वर्षाला ६४ हजार कोटींच्या घरात. महसुली तूट जवळपास ४६ हजार कोटी दाखवली होती आणि कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींपर्यंत जाईल असा अंदाज होता. म्हणजे सरकार कुठलंही असो, हात मोकळा असलेला पैसा फार थोडा उरतो, आणि म्हणूनच तो कशावर जातो हे विचारणं विरोधकांचं कामच आहे, त्यात चूक काही नाही.

शक्तीपीठाचं बघा. २०२५ च्या आराखड्यात ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे, आपला लातूर पण त्यात होता. जून २०२५ ला कॅबिनेटनं २० हजार ७८७ कोटींची मंजुरी दिली, पूर्ण खर्च त्याच्या कितीतरी पट जाणार. पण इथं उमेदवारानं एक गोष्ट सांगितली नसणार, की रस्त्याचा पैसा बराचसा कर्जातून उभा राहतो, तो रद्द केला म्हणजे तेवढेच पैसे उचलून रोजगाराच्या खात्यात टाकता येतात असं होत नाही. कर्ज फेडायचं ओझं मात्र पुढच्या बजेटवर पडतंच, त्यामुळं प्राधान्याचा मुद्दा खराच आहे, फक्त हिशेब तसा सरळ नाही.

मला स्वतःला यापेक्षा मोठा प्रॉब्लेम वाटतो तो तरतूद आणि खर्च यातला फरक. बजेटमध्ये आकडा छापला म्हणजे पैसा आला असं लोक धरून चालतात. तसं नसतं. वित्त विभाग टप्प्याटप्प्यानं निधी सोडतो, लहान योजनांचा हात आखडतो, आणि मार्चच्या शेवटी जे सुटतं ते खर्च करायला वेळ नसतो. सरकारच्या बीम्स प्रणालीवर प्रत्येक लेखाशीर्षाला, म्हणजे खर्चाच्या हेडला, मूळ तरतूद किती, वाटप किती, खर्च किती हे कुणालाही बघता येतं. तुमच्या उमेदवाराला विचारा की कौशल्य विकासाच्या किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या हेडवर खर्च किती झाला ते बघितलंय का. जो माणूस ते बघून आलाय तो सिरीयस आहे असं मी समजेन.

सुनंदा_उमेद

मी बोलू का? अशा सभांत शेवटी गाडी लाडक्या बहिणीवरच येते, तुमच्या सभेत आली नाही दिसतंय ते बरंय पण आमच्याकडं रोज येते. फुकटचे पैसे वाटले म्हणून पोरांना नोकऱ्या नाहीत असं तोंडावर म्हणतात. मला ते १५०० येतात. माझ्या मुलीचा कॉलेजचा खर्च आणि सासूबाईंच्या गोळ्या त्यात भागतात, त्या आधी मी हे पैसे कुणाकडं मागत होते ते माझं मला माहिती. ते बंद करून रोजगार देऊ म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही, कारण बंद लगेच होईल आणि रोजगार कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही.

पण हे पण खरं की माझ्यासारखीला नुसते पैसे नकोत, काम पाहिजे. आमच्या बचत गटाला उमेद या सरकारी अभियानातून फिरता निधी ३० हजार झाला, चांगलं झालं, बँकेचं लोन पण मिळालं, आम्ही मसाले आणि डाळ करतो. माल विकायचा कुठं? अंगणवाडी, आश्रमशाळा, हॉस्टेल, सरकारी दवाखाने यांची खरेदी इतकी मोठी असते, त्यातली थोडी जरी तालुक्यातल्या गटांकडून झाली तर आम्ही आणखी बायकांना रोजंदारीवर घेऊ शकतो. टेंडरच्या अटीच अशा असतात की उलाढाल एवढी पाहिजे, अनुभव एवढा पाहिजे, मग तिथं आम्ही बसतच नाही. याला नवीन पैसा लागत नाही, तोच पैसा जवळ खर्च करायचा. हा मुद्दा मी अजून एकाही उमेदवाराच्या तोंडून ऐकला नाही, ना सत्तेतल्या ना विरोधातल्या.

जमाखर्च

सुनंदाताई, तुमचं पटलं. जुलै २०२४ ला योजना सुरू झाली तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटी सांगितले होते, पुढच्या बजेटमध्ये ३६ हजार कोटी ठेवले. आणि मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्याचा निधी तिकडं वळवला तेव्हा सरकारमधल्याच मंत्र्यानं जाहीर नाराजी दाखवली होती. बायकांना पैसे देण्यात चूक नाही, दलित-आदिवासी पोरांच्या योजनांमधून ते काढू नयेत एवढंच माझं म्हणणं आहे.

एमआयडीसी_एचआर

८० टक्क्यांबद्दल लिहितो, कारण त्यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

हा नियम आजचा नाही. १९६८ पासून वेगवेगळ्या रूपात आहे आणि सध्या ज्याचा आधार घेतात तो उद्योग विभागाचा १७ नोव्हेंबर २००८ चा जीआर. सुपरवायझर दर्जाच्या जागांवर किमान ५० टक्के आणि बाकी जागांवर किमान ८० टक्के स्थानिक. आता स्थानिक म्हणजे कोण, तर महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला माणूस. तुमच्या गावचा किंवा तालुक्याचा नाही! लातूरच्या कंपनीत नाशिकचा पोरगा घेतला तरी तो स्थानिकच मोजला जातो. सभेत टाळ्या वाजवणाऱ्यांच्या डोक्यात वेगळंच असतं.

दुसरं म्हणजे हा कायदा नाही, खरा जोर प्रोत्साहन योजनेतून येतो. सरकारकडून जीएसटीचा परतावा वगैरे घेणाऱ्या युनिटनं ही अट पाळायची. जी कंपनी काहीच घेत नाही तिला दाबायला सरकारच्या हातात फारसं काही नाही. आणि कायदा करून भागत नाही हे हरियाणात दिसलं, तिथं ३० हजारांपर्यंत पगाराच्या खाजगी नोकऱ्यांत ७५ टक्के आरक्षणाचा कायदा केला, नोव्हेंबर २०२३ मध्ये हायकोर्टानं रद्द केला. कर्नाटकनं २०२४ मध्ये बिल आणलं आणि ओरड झाल्यावर लगेच थांबवलं. त्यामुळं कुणी उमेदवार म्हणाला की आम्ही कडक कायदा आणू तर त्याला हरियाणाचं काय झालं ते विचारा.

खरी पळवाट कॉन्ट्रॅक्ट लेबरची. कंपनीच्या रोलवर मोजकी माणसं, ती सगळी महाराष्ट्रातली, कागद एकदम क्लीन. शॉपफ्लोअरवर उभे असतात ते ठेकेदाराचे, आणि ते या टक्केवारीत कसे धरायचे यावर कुणी नीट बोट ठेवत नाही. मी ज्या ठिकाणी आधी होतो तिथं मी ते फॉर्म भरलेत, नाव घेत नाही. एकदाही कुणी गेटवर येऊन माणसं मोजली नाहीत. माझ्या मते विरोधकांनी इथं घाव घालायला पाहिजे, सबसिडीचा हप्ता सोडायच्या आधी ठेकेदाराच्या माणसांसकट पीएफच्या यादीवरून पडताळणी करा म्हणून.

कोच फॅक्टरी रेल्वेची आहे, तो केंद्राचा विषय. वंदे भारत स्लीपरच्या १२० गाड्यांचं कंत्राट ज्या कंपनीला मिळालंय तिचं काम तिथं ठरलंय. तिथं लोकल पोरं लागावीत असं वाटत असेल तर वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियनची तयारी आत्ता आयटीआयमधून व्हायला पाहिजे, गाड्या रुळावर आल्यावर मोर्चा काढून उपयोग नाही.

प्रशिक्षणार्थी_२४

युवा प्रशिक्षणाबद्दल मी सांगतो कारण मी त्यातलाच आहे. २०२४ ला सुरू झाली, बारावी पास ६ हजार, आयटीआय डिप्लोमा ८ हजार, ग्रॅज्युएट १० हजार महिना. आधी सहा महिने होती मग आंदोलनं झाल्यावर अकरा महिने केली. मी एका सरकारी कार्यालयात होतो. काम शिकलो, खोटं बोलणार नाही, टपाल, नोंदी, ऑनलाईन अर्ज सगळं मीच करायचो, साहेब सुट्टीवर असले तरी माझं टेबल चालू असायचं. मुदत संपली त्या दिवशी सर्टिफिकेट दिलं आणि विषय संपला.

आता ज्या टेबलावर मी बसत होतो तिथं पद रिक्त आहे, तेव्हाही रिक्तच होतं. पद मंजूर, काम आहे, माणूस तयार आहे, पण भरती नाही. हे मला कुणी समजावून सांगा. तलाठी भरती २०२३ ला ४,६४४ जागांना दहा लाखांच्या वर अर्ज आले, खुल्या वर्गाला फी हजार रुपये. उमेदवार काय बोलला यापेक्षा रिक्त पदं कधी भरणार याची तारीख कोण देतंय ते मी बघणार आहे. कायम करा म्हणून आमची पोरं मागणी करतात, सरसकट ते होणार नाही हे मला कळतं, पण भरतीत अनुभवाचे काही मार्क तरी द्या.

छोटा_ठेकेदार

झेडपी मेंबर काय करू शकतो असा मूळ प्रश्न आहे त्यावर कुणी बोललंच नाही. शक्तीपीठ त्याच्या हातात नाही, सबसिडी त्याच्या हातात नाही. डीपीडीसीच्या, म्हणजे जिल्हा नियोजन समितीच्या पैशावर पालकमंत्र्याचा वचक असतो. पण सेस फंड झेडपीचा स्वतःचा असतो, त्यातला २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला बालकल्याणला खर्च करायचा असतो, तो शिलाई मशीन वाटण्यात घालवायचा की ट्रेनिंगमध्ये हे सभागृह ठरवतं.

दुसरं आमचं दुखणं. लहान कामात मजूर सोसायट्या आणि सुशिक्षित बेरोजगार इंजिनिअरसाठी वाटा राखीव असतो. होतं काय की पाच-सहा गावांची कामं क्लब करतात, एकच मोठं टेंडर निघतं आणि ते बाहेरचा घेऊन जातो, त्याची मशिनरी त्याचीच माणसं. आमच्या गावच्या मजुराला त्या रस्त्यावर एक दिवसाचं काम मिळत नाही. मेंबर जागा असेल तर हे सभेत उठून थांबवू शकतो. शिवाय झालेल्या कामाची बिलं अडकतात, २०२५ मध्ये राज्यभर ठेकेदारांनी त्यासाठी आंदोलनं केली. बिल अडकलं की मी आधी पोरं कमी करतो, डिझेल नाही कमी करता येत. थकलेलं बिल म्हणजे पण गेलेला रोजगारच आहे.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर मिळेल वाटलं नव्हतं. उमेदवार रविवारी आमच्या गल्लीत येणार आहेत. मी तीन गोष्टी विचारणार, कामं क्लब करायला विरोध करणार का, बचत गटांकडून खरेदीचा ठराव मांडणार का, आणि सेस फंडातून आयटीआयच्या पोरांसाठी काय. एचआर सर, एक विचारायचं होतं, एखाद्या कंपनीनं सबसिडी घेतली आणि लोकल किती घेतले हे आरटीआयमध्ये मिळतं का?

एमआयडीसी_एचआर

अर्ज जिल्हा उद्योग केंद्राच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडं करा, दहा रुपये फी, तीस दिवसात उत्तर यायला पाहिजे. कंपनीचं नाव घालून कामगारांची यादी मागू नका, त्रयस्थाची माहिती म्हणून अडवतील. असं मागा की जिल्ह्यात मागच्या तीन वर्षांत कुठल्या युनिटना किती प्रोत्साहन रक्कम दिली, त्यांनी स्थानिक रोजगाराची जी टक्केवारी कळवली ती किती, आणि त्याची प्रत्यक्ष पडताळणी कोणत्या तारखेला झाली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोरं आलं तर तोच कागद उमेदवाराला द्या, सत्तेतल्यालाही द्या.