मर्यादा ओलांडली की सगळंच बंद?
सरकारी मदतीसाठी उत्पन्नाची अट कडक ठेवली की गैरफायदा घेणारे आपोआप गळतात, असं काहीजण म्हणतात; मला ते अर्धवट वाटतं. कागद जमवता न आलेले खरे गरजूही त्यातच गळतात. शिवाय मर्यादेच्या जरा वर गेलं की सगळी मदत एकदम बंद होणार असेल, तर माणूस पगारवाढ घ्यायलाही घाबरतो. ब्रिटनच्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या तिथल्या सरकारी योजनेत, मदत हळूहळू घटते: जादा निव्वळ कमाईच्या दर पौंडामागे ५५ पेन्स कापतात, २०२१ च्या अखेरीपर्यंत ६३ कापायचे. मला तेही जास्तच वाटतं, पण निदान कष्टाचं काहीतरी हातात उरतं. आणि घरातल्या सगळ्यांचं उत्पन्न एकत्र धरतात ना, तिथे नवऱ्याच्या पगारातला छदामही न दिसणारी बाई कागदावर सुखवस्तू ठरते. तिचा अर्ज पहिल्याच रकान्यात बाद!