शब्दचर्चा: 'ग्रहीय तेजोमेघ' म्हणावं की 'बिंबाभ्रिका'?

अमळनेरहून:
दहावीच्या पोरांसाठी शेजारच्या दीर्घिकांची अंतरं कशी काढतात यावर टिपण लिहितोय. 'प्लॅनेटरी नेब्युला'ला 'ग्रहीय तेजोमेघ' लिहिलं, तर एक जण विचारतो, "सर, तिथले ग्रह इथून दिसतात?" काय लिहू?

धुळ्याहून:
पोराचं काय चुकलं? नावच फसवं, तेही मुळातलं. १७८०च्या दशकात विल्यम हर्शेलला दुर्बिणीतून ग्रहासारखी फिकट चकती दिसली, त्यावरून हे नाव पडलं. ग्रहाचा काडीचा संबंध नाही. सूर्यासारखा तारा म्हातारपणी बाहेरचे थर टाकून देतो आणि आतला तापलेला गाभा तो वायू उजळवतो. सरळ 'बिंबाभ्रिका' लिहा.

अमळनेरहून:
जड जाईल हो.

जळगावहून:
जड कसला! 'अभ्र'वरूनच 'आभाळ'. आपल्याकडे 'ळ'चा 'य' होतो, ढग आले की आजी म्हणते, "आभाय उनं." अभ्रिका म्हणजे इवलंसं आभाय. तिथून सुरुवात करा.

खरी पंचाईत अंतराच्या पद्धतीतल्या 'तेजस्विता फलन' या जोडशब्दाची, म्हणजे किती तेजाच्या किती बिंबाभ्रिका आहेत त्या हिशेबाची. मी तो वर्गात काढतच नाही. म्हणतो, रात्री सातपुड्याच्या पायथ्याकडे बघा. समजा, कुठल्याच गावात शंभर वॅटपेक्षा मोठा बल्ब नाही. मग ज्या गावचा सगळ्यात लख्ख दिवाही मिणमिणता, ते गाव लांब. अंतर दुप्पट, तर उजेड चौथाई. बिंबाभ्रिकांच्या तेजालाही अशीच वरची मर्यादा असते, जवळपास सगळ्या दीर्घिकांत सारखी. खगोलशास्त्रज्ञ जॅकोबी आणि सहकाऱ्यांनी १९८९मध्ये ही पद्धत मांडली. मोजपट्टी लावली २५ लाख प्रकाशवर्षांवरच्या देवयानी दीर्घिकेवरून. पुढे कन्या या दीर्घिकांच्या समूहापर्यंत, म्हणजे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास पोचले.

धुळ्याहून:
पण एवढ्या ताऱ्यांच्या गर्दीत बिंबाभ्रिका ओळखायची कशी, हे राहिलं. तिच्यातल्या ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश, तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर. एक फोटो फक्त तेवढाच रंग सोडणाऱ्या गाळणीतून, दुसरा त्याच्या शेजारच्या रंगातून. पहिल्यात आहे, दुसऱ्यात गायब, तो ठिपका धरायचा. शिवाय लंबवर्तुळाकार दीर्घिकांत सेफीड, म्हणजे अंतर काढायला वापरतात ते तेज कमी-जास्त होणारे तारे, मिळत नाहीत, तिथेही ही युक्ती चालते. म्हणून तर तिचं मोल. आणि हो, 'स्टँडर्ड कँडल'ला, म्हणजे खरं तेज ठाऊक असलेल्या अशा आकाशातल्या दिव्याला, 'प्रमाण मेणबत्ती' नका लिहू, 'प्रमाणदीप' लिहा.

अमळनेरहून:
ठरलं, बिंबाभ्रिका. फळ्यावर आधी 'आभाय' लिहितो. मुख्याध्यापक 'ळ' मागायला आले, तर जळगावकडे बोट दाखवीन.