मदत हवी आहे : युनिट लेबर कॉस्ट काढताना स्वतः राबणाऱ्याची मजुरी कशी धरायची?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रकल्पासाठी युनिट लेबर कॉस्टवर (म्हणजे एका नगामागे पडणाऱ्या मजुरीवर) लिहितेय आणि एका जागी पार अडकलेय.

मूळ हिशोब मला बाबांच्या लेथच्या शेडमध्येच कळला. कारागिराचा रोज 800 रुपये, दिवसाला 40 बुश, म्हणजे नगामागे 20 रुपये मजुरी. रोज 900 झाला, पण नव्या टूलमुळे 50 बुश निघायला लागले, तर नगामागे 18. पगार वाढूनही नगामागची मजुरी कमी झाली! म्हणून नुसत्या पगारवाढीवरून महागाईचा अंदाज बांधणं मला पटत नाही.

हाच हिशोब अख्ख्या देशाचाही करतात. युरो आल्यानंतरच्या दशकात जर्मनीत हा खर्च फारसा हलला नाही, ग्रीस-स्पेनमध्ये मात्र भराभर वाढला. चलन एकच, त्यामुळे अवमूल्यनाची, म्हणजे आपल्या चलनाची किंमत उतरवून माल परदेशात स्वस्त करण्याची वाट बंद. 2010 नंतर ग्रीसमध्ये पगार कापूनच तो खाली आणला. किती घरांना ती झळ बसली असेल!

आता अडचण. बाबा स्वतः दिवसभर मशीनवर उभे असतात, पगार घेत नाहीत. त्यांचे नग उत्पादनात मोजले जातात, मजुरी मात्र शून्य. भारतात काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक स्वयंरोजगारातच आहेत. त्यांची कमाई पगारदारांइतकीच धरायची पद्धत आहे, पण कोरडवाहू शेतकऱ्याला ती कशी लावणार?

की सरळ वार्षिक उद्योग सर्वेक्षणाचे आकडे घेऊन कारखान्यांपुरतंच थांबू? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा. पुढच्या आठवड्यात मॅडमना आराखडा दाखवायचा आहे.