मदत हवी आहे: कार्टून मोठं केलं की रेघा बारीक होतात

मधुरा_इंदूर
सोसायटीच्या गणपतीच्या बॅनरसाठी कार्टून काढलंय. ढोलवाले काका, पोह्याची प्लेट घेऊन पळणारी मुलं वगैरे. छोटं असताना झकास दिसतं. बॅनरच्या साइजला नेलं की आउटलाइन अगदी दोऱ्यासारखी! भुवया नि मिशा मात्र व्यवस्थित जाड. उद्या संध्याकाळी फाइल द्यायचीय. प्लीज, ‘आधी बेसिक शिका’ म्हणू नका.

एमपी०९
सॉफ्टवेअर कुठलं? बॅनर केवढा?

कोरलभक्त
सॉफ्टवेअर कुठलं का असेना, छपाईच्या दुकानात शेवटी कोरलड्रॉच. एफ१२ दाबा, आउटलाइन पेन उघडेल. ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’वर टिक करा नि मग ओढा. विषय संपला.

मधुरा_इंदूर
एफ१२ दाबलं तर उजवीकडची सगळी पॅनेलंच गेली!! इंकस्केप आहे.

एमपी०९
परत एफ१२ दाबा, येतील. इंकस्केपमध्ये ती की पॅनेलं लपवायचीच आहे.
आता मूळ मुद्दा. निवडीचा बाण घेतला की वरच्या पट्टीत उजवीकडे छोटी बटणं दिसतात. ऑब्जेक्ट मोठा करताना स्ट्रोकची, म्हणजे रेघेची, जाडीही त्याच प्रमाणात वाढवायची, असं एक बटण त्यात आहे. ते आधी दाबा, मग ओढा. ओढून झाल्यावर दाबलं तर उपयोग नाही.
भुवया तुम्ही कॅलिग्राफी टूलने काढल्यात ना? त्या रेघा नव्हेतच, रंग भरलेले आकार आहेत. म्हणून त्या आपोआप वाढल्या.

मधुरा_इंदूर
हो, कॅलिग्राफीच. पण ते बटण तर दाबलेलंच आहे! आणि माझ्याकडे मोठं करून बघितलं तर ठीक दिसतं. दुकानात बिघडतं. ए४ आडवं, रेघ २ पॉइंट, बॅनर १० बाय ७ फूट.

एमपी०९
अहो ताई, ‘दुकानात’ हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना! पीडीएफ पाठवली होतीत का?

मधुरा_इंदूर
हो. त्यांनी त्यांच्याकडे उघडून ओढली.

कोरलभक्त
म्हणजे कोरलच! मी काय म्हणत होतो? त्या पोराने टिक न करता ओढलं असणार.

एमपी०९
मान्य, पण ते पोरगं हिच्या हातात नाही. २ पॉइंट म्हणजे जेमतेम ०.७ मिमी. ए४ची रुंदी २९७ मिमी, १० फूट म्हणजे ३०४८, साधारण दहापट. रेघ वाढली नाही तर १० फुटांच्या बॅनरवर ०.७ मिमीच राहणार, रस्त्यावरून कशी दिसेल? म्हणून सगळं सिलेक्ट करून पाथ मेनूतलं ‘स्ट्रोक टू पाथ’ करा (कंट्रोल+ऑल्ट+सी). रेघांचेही भुवयांसारखे आकार होतील, मग कोणी कुठेही ओढो. मात्र मूळ फाइलची कॉपी ठेवा. नंतर रेघ हलवायची म्हटलं तर दोन्ही कडांचे नोड (आकार धरणारे बिंदू) सांभाळावे लागतात.

फ्लेक्सवाला
एवढी कसरत कशाला? पीएनजी द्या, ठिपक्यांचं तयार चित्र, त्यात वेगळ्या रेघाच नसतात. लांबून बघायच्या फ्लेक्सला ७२ डीपीआय (इंचाला ७२ ठिपके) पुरतं. १२० गुणिले ८४ इंच म्हणजे ८६४० बाय ६०४८ पिक्सेल. दुकानदार काय बिघडवणार?

कोरलभक्त
कितीही मोठं होणारं व्हेक्टर चित्र काढून शेवटी पीएनजी? मग पेंटमध्येच काढायचं!

फ्लेक्सवाला
दिवसभर मशीनवर मी उभा असतो, तुम्ही नाही.

बोरू
मधुराताई, या सगळ्या यंत्रात तुमच्या चित्राकडे कोणी बघितलं का? सगळीकडे एकच जाडी असेल तर बॅनर स्टिकरसारखा दिसेल. माणसाची बाहेरची रेघ जाड, आतली नाक-डोळ्यांची निम्मी, प्रकाशाच्या बाजूला आणखी हलकी. मी तर म्हणतो, ब्रश आणि इंडियन इंक घ्या, स्कॅन करा. इंदूरचीच तर परंपरा आहे! देवळालीकर मास्तरांकडे चित्रकार बेंद्रे शिकले, हुसेन शिकले...

फ्लेक्सवाला
काका, बॅनर गणपतीचा आहे, प्रदर्शन नाही. आणि हुसेन तर स्वतः सिनेमाचे बॅनर रंगवत होते.

बोरू
मग? ते रंगवायचे. ओढायचे नाहीत.

सराफा_नाइट
भिया, फोटोशॉप शिकायला इंदुरात चांगला क्लास कुठला?

मधुरा_इंदूर
स्ट्रोक टू पाथ केलं, जाडी टिकतेय! बोरूकाकांचंही पटलं, बाहेरची रेघ ३ नि चेहऱ्यातली दीड केली. पण आता मुलांच्या उभ्या केसांच्या टोकांना लांब काटे आलेत. आधी एवढे नव्हते.

एमपी०९
रेघ जाड केली की टोकदार कोपऱ्यात ते होतंच. आकार केलेल्या फाइलमध्ये नको, रेघा असलेल्या मूळ फाइलमध्ये करा: फिल अँड स्ट्रोक उघडा, तिसरा टॅब, जॉइन (कोपऱ्याचा प्रकार) ‘राउंड’. मग परत स्ट्रोक टू पाथ.

बोरू
सगळे नका गोल करू. पोरांचे केस टोकदारच हवेत. राउंड फक्त काकांच्या हनुवटीला.

एमपी०९
टोकं हवी असतील तर जॉइन मायटरच (टोकदार) ठेवा आणि शेजारचा मायटर लिमिटचा, म्हणजे टोक किती लांब जाऊ द्यायचं त्याचा, आकडा बघून घ्या. तो फार कमी केलात तर टोकं सपाट छाटली जातील.

कोरलभक्त
कोरलमध्ये पण आहे हे.